परक्या गाडीचं स्टेअरिंग

चालकाच्या हातात केवळ स्टेअरिंग नसतं. त्याच्या हातात समाजाचं भवितव्य असतं.

हे वाक्य माझं नाही. चामोर्शीला माझ्या गॅरेजचं उद्घाटन झालं तेव्हा आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यांनी ते उच्चारलं होतं. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण ते अजून उद्घाटनं करतात. फीत आणली होती, कात्री आणायची राहिली होती, म्हणून पत्रा कापायच्या कात्रीने काम भागवलं. वाक्य मात्र मला फार आवडलं. पेंटरला बोलावून ते मी निळ्या अक्षरांत भिंतीवर लिहून घेतलं. पुढे दोनेक वर्षांनी एका सकाळी त्याच पुढाऱ्यांचा ड्रायव्हर पायी गॅरेजमध्ये आला आणि नेमका त्या वाक्याखाली उभा राहिला. त्याच्या हातात केवळ स्टेअरिंग होतं. जीप मागे तीन किलोमीटरवर धानाच्या बांधीत उभी होती.

त्याच आठवड्यात मी भिंतीला चुना मारून घेतला.

संपादकांनी मला 'एका मिस्त्रीचा प्रवास' असं काहीतरी लिहायला सांगितलं आहे. पण प्रवास गाड्यांनी केला, मी बहुतेक वेळ त्यांच्याखाली पाठीवर पडून होतो. तिथून जे दिसतं त्याला प्रवासवर्णन म्हणता येत नाही. म्हणून सगळं सोडून एकाच कामाबद्दल लिहितो: एका गाडीचं स्टेअरिंग दुसऱ्या जातीच्या गाडीला बसवणं. हे काम मी आयुष्यात फार वेळा केलं नाही. पण झोपेत आठवतात ती कामं हीच.

ज्यांनी स्टेअरिंग फक्त धरलं आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मधलं हॉर्नचं झाकण काढलं की खाली एक मोठा नट दिसतो. तो नट खोलला तरी स्टेअरिंग हातात येत नाही, कारण खाली लोखंडी दांडा असतो आणि त्या दांड्याच्या टोकाला सभोवार बारीक दाते कोरलेले असतात. स्टेअरिंगच्या मधल्या भोकात आतून तसेच दाते असतात. दात्यात दाते घट्ट बसलेले असतात, ते पुलर लावून सरळ वर ओढून काढायचे. हातोडी मारणारा मिस्त्री ओळखायला सोपा असतो, त्याच्याकडे तीच गाडी पुन्हा पुन्हा येते.

तर हे दाते प्रत्येक जातीच्या गाडीचे वेगळे. कुणाचे छत्तीस, कुणाचे चाळीस, कुणाचा दांडा सरळ, कुणाचा वरती निमुळता. परकं स्टेअरिंग बसलं नाही तर फारसं बिघडत नाही. ते जोर लावल्यावर बसल्यासारखं वाटतं तेव्हा घात होतो. चार दाते धरतात, बाकीचे नुसते शेजारी उभे राहतात, आणि एखाद्या वळणावर त्या चौघांनाही कंटाळा येतो.

माझे उस्ताद राजन्ना सिरोंच्याकडचे. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी आणि शिव्या देताना हिंदी बोलत. त्यांचे स्टेअरिंगबाबत दोनच नियम होते. पहिला, स्टेअरिंगच्या कुठल्याही भागाला वेल्डिंग मारायचं नाही. दुसरा, स्टेअरिंग किंवा ब्रेक खोलला तर पहिल्या फेरीला मिस्त्री पुढच्या सीटवर बसेल. गॅरेजभोवती चक्कर मारून आणली म्हणजे फेरी झाली असं नाही. गाडी जिथे रोज जाते तिथे, भरलेली, शेवटच्या गावापर्यंत. एकदा मी ताप असल्याचं सांगून टाळायला बघितलं. उस्ताद म्हणाले, "हात लगाया ना? तो बैठ." मी बसलो. ताप उतरला.

आमच्या भागातल्या काळ्या-पिवळ्या जीपवाल्यांना आणि त्यांत बसणाऱ्या लोकांनाही हा रिवाज ठाऊक होता. ब्रेकचं काम झालेली गाडी स्टँडवर लागली की म्हातारी माणसं आधी पुढच्या सीटकडे बघायची. राजन्ना तिथे पान चघळत बसलेले दिसले की मगच आपलं बोचकं टपावर द्यायची. कागदावरच्या शिक्क्यापेक्षा त्यांचा त्या पानावर जास्त विश्वास होता.

मी दोन्ही नियम एकदाच मोडले, आणि एकाच गाडीवर.

पुढाऱ्यांना नागपुरात कुठेतरी एका परदेशी गाडीचं स्टेअरिंग मिळालं होतं. लहानसं, चामड्याचं, मध्ये कंपनीचं चकचकीत चिन्ह. ते त्यांना आपल्या जुन्या जीपला हवं होतं.

"गाडी तीच राहू दे," ते म्हणाले. "पण माणूस आत डोकावला तर त्याला कळलं पाहिजे."

"काय कळलं पाहिजे जी?" मी विचारलं.

"ते त्याचं तो समजंल."

दाते अर्थातच जुळत नव्हते. मी नाही म्हणायला हवं होतं. पण गॅरेजची फीत त्यांनी कापली होती, भिंतीवर त्यांचं वाक्य होतं, आणि खरं सांगायचं तर अवघड काम करून दाखवण्याची मलाही हौस होती. मी जीपच्या जुन्या स्टेअरिंगचा मधला भाग कापला आणि तो परदेशी स्टेअरिंगला वेल्डिंगने जोडला. घासून, रंग देऊन असं केलं की जोड दिसेना. जोड न दिसणं ही आमच्या धंद्यात कौतुकाची गोष्ट मानतात. आता वाटतं, तो दिसला असता तर बरं झालं असतं.

पहिल्या फेरीला मी शर्ट बदलून तयार होतो. पण जीपमध्ये पुढे साहेब, मागे कार्यकर्ते, त्यांच्या मागे हार. मिस्त्रीला जागा नव्हती. "पुढच्या वेळेस," असं कोणीतरी म्हणालं. जीप गेली. मी हात केला.

बंडूने, म्हणजे त्यांच्या ड्रायव्हरने, पुढे काय झालं ते भिंतीखाली उभं राहून सांगितलं. सरळ रस्ता होता, म्हैस आडवी आली, त्याने स्टेअरिंग कचकन डावीकडे घेतलं. स्टेअरिंग डावीकडे गेलं. गाडीचा त्याच्याशी संबंध उरला नव्हता, ती आपल्या मर्जीने बांधीत उतरली. पीक कापून झालेलं होतं, जमीन मऊ होती. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. साहेब त्या दिवशी गाडीत नव्हते.

"मिस्त्रीभाऊ," बंडू स्टेअरिंग माझ्या हातात देत म्हणाला, "हे तुमचं तुमाले. मी म्हैस पाह्यली, बांधी पाह्यली, आन् मंग हातात हे पाह्यलं. सगळ्यात जास्त भेव याचं लागलं."

मी त्याला चहा पाजला. तो हसत होता. म्हशीच्या जागी शाळेची पोरं असती तर, हा हिशेब मी तेव्हा केला आणि अजून करतो. त्या दिवसापासून परकं स्टेअरिंग बसवायचं नाही असं ठरवलं. वरोऱ्याचे एक मास्तर वडिलांच्या जुन्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग घेऊन आले होते. ट्रॅक्टर भंगारात गेला, वडील त्याच्या आधी गेले, आता ते आपल्या मोटारीला लावायचं होतं. वडिलांचे हात लागून लागून त्याचं प्लॅस्टिक एका बाजूने आरशासारखं झालं होतं. मी म्हटलं, "सर, हे भिंतीवर छान दिसेल." ते नाराज होऊन गेले. नकार द्यायला मी असा चांगला तरबेज झालो होतो, तेव्हा दसरू आला.

दसरू मडावी. चामोर्शीहून जंगलातल्या आपल्या गावापर्यंत काळी-पिवळी जीप चालवायचा. गाव म्हणजे डांबर संपल्यावर दोन नाले ओलांडून पुढे. त्या वाटेवर एसटी नव्हती. बाळंतीण असो, रेशन असो, बाजारात विकायचा मोहा असो, सगळं दसरूच्या गाडीतून. गाडी त्याची स्वतःची होती, आणि तिच्याबद्दल तो घरच्या माणसासारखा बोलायचा. "आज तिचा मूड नाई जी," वगैरे.

आदल्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना झाडामागून अस्वल आलं. अस्वलालाही मोहा आवडतो, आणि आधी कोण आलं यावर त्याचं मत वेगळं होतं. दसरू वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि त्या हाताची ताकद गेली. खांद्यापासून हात उचलायचा, पण आवळायचा नाही. ज्यांनी जुन्या जीपचं स्टेअरिंग भरल्या गाडीत, चिखलात फिरवलं आहे, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. एका हाताने ते फिरत नाही.

तो आला तेव्हा सोबत बायको होती, सोनीबाई. खांद्यावर ट्रकचं एक मोठं स्टेअरिंग अडकवलेलं, शिडी नेतात तसं. बल्लारपूरच्या भंगारवाल्याकडून रेल्वेने आणि मग बसने आणलं होतं. बसमध्ये कंडक्टरने विचारलं म्हणे, "बाई, आमचं चांगलं नाही का?"

दसरूचं म्हणणं बरोबर होतं. स्टेअरिंग जितकं मोठं तितकं फिरवायला हलकं. विहिरीच्या रहाटाचा दांडा लांब असला की बादली हलकी वाटते, तसंच. लहान स्टेअरिंगला दोन हात लागतात तिथे मोठ्याला एक चांगला हात आणि एक कामचलाऊ हात पुरेल, असा त्याचा अंदाज होता.

मी नाही म्हटलं. कारणही सांगितलं, बांधीतल्या जीपसकट.

दसरू ऐकून घेत होता. सोनीबाईने मात्र पदर खोचला.

"मिस्त्रीभाऊ, त्या मोठ्या माणसाले दिखाव्यासाठी पायजे होतं, तं तुमी लावून देल्लं. आमाले पोटासाठी पायजे, तं नाई म्हनता. असं काऊन जी?"

"बाई, त्याच्यातूनच तर शहाणा झालो."

"झाले ना शाहने? मंग आता चांगलं बसन. पयले येडे होते तवा बसवलं, आता शाहने झाले तं नाई बसवत. असं शाहनपन काय कामाचं?"

दसरू खालमानेने म्हणाला, "तू राहू दे वं."

"काऊन राहू देऊ? अस्वलासमोर मी धावून आली, तं राहू दे म्हनलं होतं का तुमी? तवा तं चांगले वरडून राह्यले होते."

मग तिने सरळ सांगितलं. दोघांचं ठरलं होतं. शिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते, त्या दिवसांत जीपला उसंत नसते. जत्रेपर्यंत दसरूला गाडी चालवता आली तर गाडी राहील. नाही आली तर मूल गावचा एक गिऱ्हाईक ठरलेला होता, तो गाडी घेऊन जाईल, आणि दसरू नागपूरला कुठल्याशा इमारतीवर चौकीदार म्हणून. "चौकीदाराले हात नाई लागत," दसरू म्हणाला. "उभं राहाले पाय लागते." स्वतःबद्दल एवढंच त्या दिवशी तो कुणी न विचारता बोलला. जत्रेला महिनाही नव्हता.

मी ट्रकचं स्टेअरिंग ठेवून घेतलं. हो म्हटलं नाही, फक्त ठेवून घेतलं. सोनीबाईने त्याचा अर्थ हो असाच लावला, आणि जाताना विचारलं, "मंग सोमवारी येऊ का?"

वेल्डिंग करायचं नव्हतं. मग मार्ग एकच: जीपच्याच स्टेअरिंगचा मधला दातेवाला भाग घ्यायचा, कारण तो जीपच्या दांड्यावर जन्मापासून बसलेला, लेथवर त्याला गोल, सपाट करायचा, आणि ट्रकच्या स्टेअरिंगची मधली पाटी त्यावर सहा बोल्टांनी आवळायची. बोल्ट दिसतो, ढिला झाला तर कळतो, बदलता येतो. वेल्डिंग आतून तुटतं आणि कुणाला सांगत नाही. बल्लारपूरला माझ्या ओळखीचे एक टर्नर होते, पुरुषोत्तमभाऊ. त्यांनी तुकडा हातात फिरवून विचारलं, "कोणासाठी आहे?"

मी सांगितलं.

"म्हणजे तुटलं तर पंधरा माणसं."

"अठरा. बाजाराच्या दिवशी बावीस."

त्यांनी ठरलेल्यापेक्षा जाड पाटी काढली. सहाऐवजी आठ भोकं पाडू का, असंही विचारलं. मी म्हटलं सहा पुरे. ते म्हणाले, "माझी झोप माझ्याकडे." आठ भोकं पाडली.

एक स्टेअरिंग बदललं की गाडी हळूहळू सगळीच बदलावी लागते, हे मला त्या कामात कळलं. मोठं स्टेअरिंग दसरूच्या मांड्यांना घासायला लागलं, म्हणून सीट चार बोटं मागे घेतली. सीट मागे गेली तर पाठ टेकेना, म्हणून सोनीबाईने जुन्या लुगड्यांची जाड उशी शिवून दिली. हॉर्नची वायर नव्या स्टेअरिंगला पुरेना, आणि तसंही हॉर्न दाबायला उजवा हात मोकळा नव्हता. मग घराच्या दाराला असतं ते घंटीचं पांढरं बटण डॅशबोर्डवर डावीकडे बसवलं. वर घंटीचं चित्र तसंच राहिलं. पुढे कित्येक वर्षं गुरं आडवी आली की दसरू घंटी वाजवायचा आणि बाहेर ट्रकसारखा भोंगा वाजायचा.

हे सगळं नियमात बसणारं होतं का? नव्हतं. ते मी लपवत नाही, आणि कोणी करावं असंही सांगत नाही. आजच्या गाड्यांत तर स्टेअरिंगच्या पोटात फुगणारी पिशवी असते. तिथे हात घालणारा मिस्त्री धाडसी नव्हे, बेअक्कल. मी फक्त काय घडलं ते लिहितो आहे.

गाडी तयार झाली ती जत्रेच्या पाच दिवस आधी. गॅरेजच्या आवारात दसरूने ती पुढे-मागे घेतली. डावा हात ओढायचा, उजव्या हाताचं मनगट स्टेअरिंगच्या आतल्या आडव्या दांडीत अडकवून तो ढकलायचा. फिरत होतं. पण रिकामी गाडी आवारात फिरणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्टँडवर लागली. दसरूच्या गावची माणसं बाजार करून थांबली होती, सतराअठरा असतील. एरवी गाडी थांबायच्या आत टप भरायचा. त्या दिवशी कोणी हललं नाही. सगळे फार सभ्यपणे वागत होते. एकाला अचानक सुतळी घ्यायची आठवण झाली. दोन बाया म्हणाल्या, आज ऊन नाही, पायीच जातो. गाव बावीस किलोमीटर होतं.

गावचा गायता, म्हणजे गावाची देवकार्यं करणारा म्हातारा, गाडीजवळ आला. त्याने आत वाकून ते थाळ्याएवढं स्टेअरिंग पाहिलं, आठ बोल्ट पाहिले, घंटीचं बटण पाहिलं. दसरूकडे त्याने पाहिलंच नाही. मग मला विचारलं,

"मिस्त्री, हे कोनाच्या घरचं?"

"ट्रकचं आहे, बाबा."

"ट्रक कसा मेला?"

हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. "मला नाही माहीत," मी म्हटलं. खोटं बोलता आलं असतं. ऐन वेळी सुचलं नाही.

"त्याले नाई माहीत," गायत्याने मागे वळून सगळ्यांना सांगितलं. दसरू स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. मूलचा गिऱ्हाईकही तिथेच चहाच्या टपरीवर बसला होता, टायर बघत.

मग गायता म्हणाला, "तू बसते का?"

मी आधीच बसणार होतो, असं लिहायला मला आवडलं असतं. शर्ट बदलून आलो होतो हे खरं. पण त्या क्षणी मला बंडूच्या हातातलं ते चामड्याचं स्टेअरिंग दिसलं, आणि दोन नाल्यांचे उतार आठवले. राजन्ना तेव्हा जिवंत नव्हते. नसल्यामुळे त्यांचं ऐकणं जास्त भाग होतं. मी दार उघडून बसलो.

माझ्या मागोमाग सोनीबाई चढली, थेट माझ्या मागच्या बाकावर. मग गायता. मग सुतळीवाला सुतळी न घेताच आला. दोन बायांना एकदम ऊन लागायला लागलं. गाडी भरली.

डांबर संपेपर्यंत सगळं ठीक होतं. पहिला नालाही सरळ. दुसऱ्या नाल्याच्या आधी उतार आहे आणि उताराच्या मध्यावर उजवीकडे काटकोनात वळण. वळणावर समोरून बांबूंनी भरलेला ट्रक आला. त्याचे बांबू मागे इतके लांब बाहेर आलेले की ट्रक वळला तरी ते वळत नव्हते. दसरूला आधी गाडी डावीकडे काठावर घ्यायची होती आणि लगेच पुन्हा उजवीकडे, नाहीतर खाली नाला.

मी उजव्या पायाने जमीन दाबायला लागलो. कळत होतं की तिथे काही नाही, तरी दाबत होतो. दसरूने घंटी वाजवली. डाव्या हाताने स्टेअरिंग ओढलं, मग उजवं मनगट दांडीत अडकवून, खांद्याचा जोर लावून, अख्ख्या अंगाने उलटं ढकललं. स्टेअरिंग फिरलं. आणि चाकंही फिरली, हे मी मुद्दाम लिहितो, कारण दोन्ही गोष्टी दर वेळी सोबत होत नाहीत हे मी पाहिलेलं होतं. बांबूंची टोकं टपाला घासून गेली. ट्रक वर गेला, आम्ही खाली.

मग मागून सोनीबाईचा आवाज आला:

"मिस्त्रीभाऊ, पाय उचला जी. तुमच्याकडं ब्रेक नाई."

सगळी गाडी हसली. गायतासुद्धा. दसरू पहिल्यांदा हसला, आणि म्हणाला, "आज तिचा मूड चांगला आहे."

नाल्यापलीकडे सरळ रस्ता लागला तेव्हा माझं लक्ष गेलं आणि हसू गेलं. गाडी नाकासमोर चालली होती, पण स्टेअरिंग तिरकं होतं. उजवीकडची दांडी जराशी खाली. मी एक दाता चुकलो होतो. छत्तीस दाते असले की एक दाता म्हणजे दहा अंश. चालवायला धोका काही नाही, पण मिस्त्रीच्या डोळ्याला ते गंध वाकडं लावल्यासारखं दिसतं. स्टेअरिंग बसवण्याआधी चाकं सरळ करायची असतात. मी ती दोरी लावून केली होती, फक्त माझं आवारच एका बाजूला उतरतं हे, तिथे इतकी वर्षं काढूनही, त्या दिवशी विसरलो होतो.

"दसरू, परत जाताना गॅरेजला घे. एक दाता सरकवतो."

"कायले?"

"वाकडं बसलं आहे."

त्याने खाली पाहिलं. त्याचा तीन बोटांचा हात त्या खाली झुकलेल्या दांडीवर टेकून निवांत पडला होता. "राहू द्या जी," तो म्हणाला. "हात टेकते. मले वाटलं तुमी मुद्दामच केलं."

मागून गायता म्हणाला, "मुद्दामच असन. मिस्त्री इचार करून करते."

मी नाही म्हटलं नाही. अजूनही म्हटलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

जत्रेच्या दिवसांत दसरूने मार्कंड्याच्या किती फेऱ्या केल्या ते त्यालाच माहीत. मूलचा गिऱ्हाईक दोनदा आला आणि दुसऱ्यांदा त्याच गाडीत बसून परत गेला. गाडी राहिली. पुढे अकरा वर्षं तिने तेच काम केलं. आठ बोल्ट मी दर चार महिन्यांनी आवळून बघायचो, आणि एकही कधी ढिला सापडला नाही. पुरुषोत्तमभाऊंना हे सांगायला हवं होतं. बल्लारपूरला जाणं होईल तेव्हा सांगू म्हणत राहिलो, आणि जाणं झालं ते त्यांच्या तेराव्याला.

त्या वाटेवरच्या आणखी दोन जीपवाल्यांनी नंतर येऊन आपलं स्टेअरिंग "दसरूसारखं" करून मागितलं. त्यांचे हात धडधाकट होते, स्टेअरिंगही मूळचंच होतं. फक्त ते एक दाता तिरकं हवं होतं, कारण दसरूची गाडी कधी उलटत नाही. मी करून दिलं. पहिल्या फेरीला पुढे बसलोही.

आता मी गॅरेज बंद केलं आहे. जिथे भिंत होती तिथे मोबाइलचं दुकान आहे. दसरूच्या गावापर्यंत डांबर गेलं, दोन्ही नाल्यांवर पूल झाले. एका पुलाच्या उद्घाटनाला तेच पुढारी आले होते आणि पूल नव्हे तर भविष्य जोडलं जात आहे, असं म्हणाले. जुनी जीप वयामुळे भंगारात गेली. मोठं स्टेअरिंग सोनीबाईने काढून ठेवलं. परसात खांबाला बांधलं आहे, त्यावर वालाचा वेल चढतो.

गेल्या दिवाळीआधी दसरू नवी गाडी घेऊन घरी आला. माझा हात तिला लागला नव्हता, कुठलाच नट मी खोलला नव्हता. तरी तो म्हणाला, "पयली फेरी आहे, मिस्त्रीभाऊ. बसा." मी शर्ट बदलून पुढच्या सीटवर बसलो. सोनीबाई मागे. गावापर्यंत गेलो, पायाने जमीन एकदाही दाबली नाही.

नव्या गाडीचं स्टेअरिंग एका बोटाने फिरतं. दसरूच्या उजव्या हाताला तीन आहेत.